पाच नंबरचा माणूस

“इंद्याला पाच नंबर दिला, तर मी यंदा मॅच बघायला येनार न्हाई,” भिकूदादा म्हणाले आणि त्यांनी दुधाचा ग्लास एका दमात रिकामा केला.

मी तेव्हा म्हशीच्या पलीकडे उभा होतो. लपलो वगैरे नव्हतो. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात आणि फेसाळ कोमट दूध ग्लासात ओतून हातात देतात. मी माझ्या ग्लासाची वाट बघत होतो. म्हैस थोराड होती, त्यामुळे भिकूदादांना मी दिसत नव्हतो, एवढंच.

“का? इंद्यात वाईट काय हाय?” रामभाऊ मास्तरांनी विचारलं. मास्तर माझ्या बाजूचे. चौथीत त्यांनी मला पुष्कळ छड्या मारल्या होत्या, त्याची भरपाई ते आता करत होते.

“वाईट काय न्हाई. पोरगं झकास खेळतंय. पन बॉल पायात आला की त्याला वाटतंय, स्टेडियममधली समदी मान्सं तिकीट काढून आपल्यालाच बघाय आल्यात.”

“आनि तुमचा त्यो निवृत्ती? गडहिंग्लजचा पाव्हना? उद्या मारुतीबी गडहिंग्लजहून आना की तालमीत.”

“खेळ बघा मास्तर, गाव कशाला बघताय?”

“खेळ बघितला. पन त्यो बोलतोय कुठं? फौंड्रीत त्याच्या संगं काम करनारी पोरं सांगतात, दिवसाला दहा शब्द बोलला तर लय झालं. मुका सेंटर हाफ घेऊन काय करायचं?”

तेवढ्यात गवळ्याने म्हशीला बाजूला सारलं आणि मी उघडा पडलो. भिकूदादांच्या मिशीला फेस लागला होता. तो त्यांनी सावकाश पुसला.

“बरं झालं ऐकलंस,” ते म्हणाले. “तोंडावर बोलायचं वाचलं.”

हे डिसेंबर १९९३ मधलं. मी तेवीस वर्षांचा होतो, उद्यमनगरात लेथवर काम करत होतो आणि शिलेदार तालमीकडून फुटबॉल खेळत होतो. तालमीत फुटबॉल म्हटलं की बाहेरच्या लोकांना गंमत वाटते. आमच्याकडे पेठेतल्या जुन्या तालमींची फुटबॉलची टीम असते. आत मारुती, मारुतीसमोर तेलाचा दिवा आणि दिव्याच्या वरच्या खुंटीला चिखलाने माखलेले बूट, असा सगळा थाट. पाच नंबरचा शर्ट घालतो तो सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधला माणूस. मागून आलेला बॉल त्याने घ्यायचा आणि पुढे कुणाला द्यायचा हे त्याने ठरवायचं. तो बरोबर असला तर बाकीचे दहा आपोआप बरे दिसतात.

बापू इंगवले आठ वर्षं आमचे पाच नंबर होते. त्या दिवाळीत त्यांच्या गुडघ्याने राम म्हटलं आणि पेठेत एकच विषय सुरू झाला, बापूंच्या जागी कोण. न्हाव्याकडे दाढी अर्धी ठेवून लोक भांडत होते. एका घरी साखरपुड्यात दोन व्याही याच मुद्द्यावर रुसले आणि जेवणं झाल्यावर कसेबसे बोलू लागले. नावं दोनच होती. एक निवृत्ती नायकुडे, जो दोन वर्षांपूर्वी शिरोलीच्या फौंड्रीत कामाला म्हणून आला आणि आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिला. आणि दुसरा मी.

मला तो शर्ट का पाहिजे होता, ते सांगितलं पाहिजे. आमच्या तालमीची रीत अशी, की सेंटर हाफने खेळ सोडला की त्याचा फोटो तालमीच्या भिंतीवर लागतो. बाकी कुणाचा नाही, कितीही गोल मारले तरी. त्या भिंतीवर सहा फोटो होते आणि त्यातला एक माझ्या वडिलांचा, यशवंत पोवारांचा. मी बारा वर्षांचा असताना बाबा गेले. घरात त्यांचा धड फोटो नव्हता, एक होता तो लग्नातला आणि त्यात मुंडावळ्यांमुळे अर्धा चेहरा झाकलेला. त्यामुळे बाबा म्हणजे माझ्यासाठी तालमीतला तो फोटो, स्टुडिओतल्या खुर्चीत ताठ बसलेला, ओठ घट्ट मिटलेले, गुडघ्यावर बॉल. फोटो लावायला काही क्रम नव्हता, जागा असेल तिथे खिळा. बाबांच्या उजव्या हाताला नऊ इंच जागा मोकळी होती. नऊ इंच हे मी अंदाजाने सांगत नाही. एका दुपारी तालमीत कुणी नसताना मी लेथवरची पट्टी नेऊन मोजली होती. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

टीम ठरवायची ती दिनकरअण्णांनी. अण्णा तालमीचे जुने गोलकीपर, बाबांच्या बरोबर खेळलेले. वीस वर्षं अकरा नावं तेच काढत होते आणि त्याच्यावर अपील नव्हतं. पण त्या वर्षी नेमकं त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्यात नुसता धूर.

भांडणं फार झाली तेव्हा अण्णांनी सगळ्यांना तालमीत बोलावलं.

“रविवारी सकाळी आपसांत मॅच लावा,” ते म्हणाले. “एका बाजूला इंद्या सेंटर हाफ, दुसऱ्या बाजूला निवृत्ती. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाका. मॅच झाली की संध्याकाळी मी शर्ट देतो.”

“पन अण्णा, तुमाला दिसनार कसं?” कुणीतरी धीर करून विचारलं.

“ते माझं मी बघतो,” अण्णा म्हणाले. यावर हसावं की नाही ते कुणाला कळेना.

चिठ्ठ्यांमध्ये सुभान मुजावर माझ्या बाजूला आला. सुभान आमचा गोलकीपर आणि माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं डोकं गोलात उभं राहून रिकामं असायचं, त्यामुळे त्यात सारखं काहीतरी उगवायचं. शनिवारी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

“भावा, विचार कर,” तो म्हणाला. “अण्णाला दिसत न्हाई. मग अण्णा ठरवनार कशावर?”

“कशावर?”

“कानावर. जे नाव जास्त ऐकू येनार, त्यो चांगला खेळला. साधा हिशोब हाय. तिकडं त्यो निवृत्ती मुका. आपल्या धाही जनांनी तुझ्या नावानं नुसता दंगा करायचा. बॉल मिळाला की ‘इंद्या’, दिला की ‘वा इंद्या’. अण्णाच्या डोक्यात दुसरं नावच ऱ्हानार न्हाई.”

“ही फसवणूक झाली.”

“कुठं? तू चांगला खेळतोसच की. आपन नुसतं ऐकू जाईल असं करायचं.”

मला ते पटलं. पटायला फार वेळ लागला नाही, हेही कबूल करतो. रविवारी सकाळी सात वाजता मी माझ्या बाजूच्या दहाही जणांना मिसळ खायला घातली. मिसळवाल्याने विचारलं, कट, म्हणजे वरचा लालभडक तिखट रस्सा, बेताचा का जादा? सुभान म्हणाला, जादा, पोरांचा घसा मोकळा झाला पाहिजे. बाळू कदम आमचा लेफ्ट आउट, त्याने तर तीन वेळा कट मागून घेतला. आठ वाजता मॅच होती. हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं, ते आमच्याकडून शिकावं.

मैदानावर अर्धी पेठ आली होती. अण्णांची खुर्ची कडुलिंबाखाली ठेवली होती. अण्णा आले, बसले आणि म्हणाले, “खुर्ची फिरवा. उन्हाची तिरीप डोळ्यावर येतीया, डॉक्टरनं ऊन टाळायला सांगितलंय.”

खुर्ची फिरवली. आता अण्णांची मैदानाकडे चक्क पाठ झाली. त्यांनी खिशातून जपमाळ काढली आणि मान खाली घालून बसले. सुभानने गोलातून मला डोळा मारला.

पहिली पंधरा मिनिटं दृष्ट लागावी अशी गेली. माझ्या पायाला बॉल लागायचा अवकाश, दहा गळ्यांतून ‘इंद्या’ उठायचं. मी बॉल पुढे काढला की ‘वा इंद्या’. फटका मारला की ‘क्या बात, इंद्या’. माझ्या अंगात वारं शिरलं. विसाव्या मिनिटाला मी तिघांना चकवून गोल मारला आणि तो दंगा ऐकून रस्त्यावरचे दोन रिक्षावाले रिक्षा थांबवून बघायला आले.

मग हळूहळू गाडी घसरली. एकतर पोरं इमानदार होती आणि इमानदारीला डोकं नसतं. बॉल निवृत्तीच्या पायात असतानासुद्धा आमचा राइट बॅक ‘वा इंद्या’ करून मोकळा झाला. एकदा मी घसरून पडलो, तेव्हाही ‘शाब्बास इंद्या’ आलं. आणि अर्ध्या तासाने मिसळीने रंग दाखवला. आधी बाळूला उचकी लागली, मग एकेक करत सहा जणांना. माझं नाव मधे तुटून यायला लागलं, ‘इं’ एकदा आणि ‘द्या’ बऱ्याच वेळाने. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. त्या सकाळी आमच्या अर्ध्या टीमची आठवण कोण काढत होतं देव जाणे. हाफ टाइमला त्यांनी नळाला तोंड लावलं ते दुसरा हाफ सुरू झाला तरी निघेना.

तरी मॅच आम्हीच जिंकली, दोन एकने. दोन्ही गोल माझे. त्यांचा एक गोल झाला तो मला नीट आठवतो, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. निवृत्तीने बॉल घेतला, शेजारच्याला दिला, त्याने पुढे दिला आणि त्यांच्या रंग्या चौगुलेने नुसता पाय लावला. रंग्यासुद्धा गोल मारू शकतो, याचंच लोकांना नवल वाटलं.

अण्णा उठले, जपमाळ खिशात घातली आणि नातवाचा हात धरून घरी गेले.

“झालं काम,” सुभान म्हणाला. मी घरी जाऊन आईला सांगितलं की संध्याकाळी गोड कर. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “घोडामैदान जवळ हाय. शर्ट आन, मग करू.”

संध्याकाळी तालीम ओसंडून वाहत होती. नवे अकरा शर्ट घड्या घालून मारुतीपुढे ठेवले होते. बापूंनी नारळ फोडला. अण्णा पाटावर बसले आणि एकेक शर्ट मांडीवर घेऊन पाठीवरचा शिवलेला नंबर बोटाने चाचपायला लागले. एक नंबर, सुभान. दोन, तीन झाले. मग त्यांनी एक शर्ट उचलला, त्याच्यावर बोट फिरवलं आणि बाजूला ठेवला. तो कुठला ते सगळ्यांना कळलं. पुढच्या शर्टावर त्यांचं बोट थोडं जास्त वेळ फिरलं.

“चार नंबर,” अण्णा म्हणाले. “इंद्रजित पोवार.”

मी गेलो, शर्ट घेतला आणि उभा राहिलो.

“पाच नंबर. निवृत्ती नायकुडे.”

रामभाऊ मास्तर उठून उभे राहिले. “अण्णा, मॅच इंद्यानं जिंकली. दोनी गोल त्याचे.”

“मला ऐकू आलं मास्तर,” अण्णा म्हणाले. “बसा.”

निवृत्ती पुढे आला, शर्ट घेतला आणि अण्णांच्या पाया पडला. परत जाताना तो माझ्यापाशी थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याचे दिवसाचे शब्द संपले असावेत. मी बाबांच्या फोटोकडे बघितलं, शेजारच्या नऊ इंचांकडे बघितलं आणि चार नंबरचा शर्ट तिथेच मारुतीपुढे टाकून बाहेर पडलो. मला राग आला होता आणि रागाच्या खाली लाज होती, कारण अण्णांना मिसळीचं कळलं की काय, अशी शंका मनात होती.

आईने ताट वाढलं. गोड काही नव्हतं. गल्लीतून बातमी माझ्या आधी घरी पोचली होती.

“मी ह्या वर्षी खेळनार न्हाई,” मी म्हणालो.

“बरं.”

“तालमीतबी जानार न्हाई.”

“नको जाऊ. पन उद्या सकाळी अण्णांच्या डोळ्यात थेंब घालायची पाळी तुझी हाय, तिथं जा. राग काढायचा तर भाकरीवर काढ, म्हाताऱ्याच्या डोळ्यावर नको.”

ऑपरेशन झाल्यापासून अण्णांच्या डोळ्यात रोज सकाळी औषध घालायला टीममधला एकेक जण जात असे. अण्णांचा मुलगा पहाटे पाळीला जायचा आणि सुनेचा हात कापायचा म्हणून ही पाळी लावली होती. पाळी चुकवायची पद्धत नव्हती.

सोमवारी सकाळी मी गेलो. अण्णा कॉटवर उताणे पडले होते. मी हात धुतले, पट्टी काढली आणि बाटली उघडली.

“इंद्या का?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“मिसळ पचली काय पोरांची?”

माझ्या हातातला पहिला थेंब त्यांच्या नाकावर पडला.

“काल बाळूला किती उचक्या लागल्या रे? मी पाठ करून बसलेलो, पन मला प्रत्येक गड्याची उचकी वेगळी कळत हुती.” ते हसत होते. “पूस ते नाक. आनि मला सांग, काल तुझं नाव किती वेळा घेतलं असंल?”

“मला काय म्हाईत?”

“एकशे चौदा वेळा. जपमाळ एकदा पुरी झाली आनि वर सहा मनी. देवाचं नाव ऱ्हायलं आनि तुझाच जप झाला. निवृत्तीचं नाव किती आलं असंल? तीनदा.”

“मग?” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “तीनदावाल्याला शर्ट दिला तुमी.”

“आता दुसरं सांग. तू कुनाकुनाची नावं घेतलीस?”

मी आठवायला लागलो. पुष्कळ आठवलं. माझा पहिला गोल, दुसरा गोल, चकवलेले तिघं. नाव काही आठवेना.

“एक घेतलंस,” अण्णा म्हणाले. “सुभानचं. ते बी शिवी घालून, त्यानं गोल खाल्ला तवा. आनि निवृत्तीनं त्याच्या धाही जनांची नावं घेतली. रंग्याचं तर पाच वेळा. रंग्या कधी बॉलकडं धावत न्हाई, पन नाव घेतलं की मानूस धावतोय. त्यो गडी दिवसाला दहा शब्द बोलतोय म्हनतात ना? कालचे समदे शब्द दुसऱ्यांची नावं हुती.”

मी त्यांच्या नाकावरचा थेंब पुसला.

“अण्णा, मला तो शर्ट बाबांसाठी पाहिजे हुता,” मी म्हणालो. हे मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

“ठावं हाय मला. भिंतीवर पेन्सिलीच्या खुना करून ठेवल्यास, ते बापूनं सांगितलं.” अण्णांनी चाचपडत माझा गुडघा धरला. “इंद्या, त्यो फोटो खोटा हाय बघ. यशवंता गप बसलेला मी जल्मात तेवढ्या फोटोतच बघितलाय. सदुसष्ट सालची गोष्ट सांगतो. सकाळची मॅच आनि असलं धुकं पडलेलं, की गोलात हुबं ऱ्हायलं तर आपलाच बॅक दिसंना. यशवंता मधनं वरडायचा, ‘दिनकर, उजवीकडनं!’ मी उजवीकडं झेप टाकायचो. बॉल हातात आल्यावरच मला दिसायचा. एक गोल खाल्ला न्हाई मी त्या दिवशी. समद्यांनी मला खांद्यावर घेतलं, पन गोल राखलेला तुझ्या बापाच्या गळ्यानं. समद्या टीमची नावं घेऊन घेऊन मॅचनंतर दोन दिस त्याचा आवाज बसलेला असायचा. तवापास्नं पाच नंबर मी कानानंच निवडतो. बापूलाबी असाच निवडला. डोळं चांगलं हुतं तवाबी मी पाठ करूनच बसत हुतो, तू तवा ल्हान हुतास.”

मला बाबांचा आवाज आठवत नव्हता. अकरा वर्षं मी त्या मिटलेल्या ओठांकडे बघत आलो होतो आणि मनात धरलं होतं की ते असेच कडक, अबोल असतील. आणि इथे एक माणूस मला सांगत होता की ते गळा फाडून मित्रांना हाका मारायचे. मला रडू आलं आणि ते मी थांबवलं नाही, कारण समोरच्याला तसंही दिसत नव्हतं.

“थेंब माझ्या डोळ्यात घालायचं हाईत,” अण्णा म्हणाले. “तुझ्या न्हवं.”

मी डोळे पुसले आणि दोन थेंब बरोबर घातले. निघताना त्यांनी उशीखालून चार नंबरचा शर्ट काढून दिला.

पुढच्या रविवारी स्टेडियमवर आमची मोसमातली पहिली मॅच होती, रणझुंजार तालमीशी. त्यांच्याशी आमचं पिढ्यान्‌पिढ्याचं वाकडं. भिकूदादा आले होते आणि रामभाऊ मास्तरही आले होते, पण दोघं दोन टोकांना बसले होते. मी बाहेर चुन्याच्या रेषेजवळ बूट बांधत होतो, तेव्हा निवृत्ती शेजारी येऊन बसला.

“त्या दिवशीचे गोल भारी हुते,” तो म्हणाला. त्याच्या मानाने ते भाषण झालं.

मॅच अटीतटीची झाली. एकेक गोल बरोबरीत होता आणि पाचेक मिनिटं राहिली होती. बॉल मधे निवृत्तीकडे आला. त्याने मान वर केली.

“इंद्या.”

ओरडला नाही, नुसतं म्हणाला, पण मला गर्दीच्या गोंगाटात ते स्वच्छ ऐकू आलं. मी उजवीकडून सुटलो आणि त्याचा बॉल माझ्या पुढच्या पावलावर येऊन पडला. समोर त्यांचा एक बॅक आणि गोलकीपर. एकाला चकवायचं आणि मारायचं, असे गोल मी झोपेत मारले असते. रामभाऊ मास्तर कुठूनतरी ‘मार’ म्हणून ओरडत होते. आणि तेवढ्यात मला पलीकडच्या अंगाला, एकटा, दोन्ही हात वर करून उभा असलेला बाळू कदम दिसला. त्याच्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं.

मी काही ठरवलं नाही. माझं तोंड आपोआप उघडलं.

“बाळू!”

इतक्या मोठ्याने मी जन्मात ओरडलो नव्हतो. बॉल त्याच्याकडे गेला आणि त्याने डोकं लावलं. या वेळी त्याच्या पोटात मिसळ नव्हती. जाळी हलली आणि मग मला काही दिसलं नाही, कारण सुभान अख्खं मैदान पळून येऊन माझ्या अंगावर पडला होता.

मॅच संपल्यावर मी अण्णांकडे गेलो. ते बाकावर मैदानाकडे पाठ करूनच बसले होते. त्यांच्या पट्टीखालून पाणी येत होतं.

“डोळं दुखतंय काय?” मी विचारलं.

“न्हाई रे,” ते म्हणाले. “बाळूला हाक आली, तवा मला क्षणभर यशवंताच वाटला.”

मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. घरी गेलो तेव्हा आईने शिरा केला होता.

निवृत्ती पुढे नऊ वर्षं पाच नंबर खेळला. मी आठ वर्षं चार नंबर खेळलो, त्याच्या उजव्या हाताला. लोक म्हणायचे की चार नंबरचं तोंड मिटत नाही आणि पाच नंबरचं उघडत नाही, म्हणून शिलेदारचं बरं चाललंय. पाच नंबर मला कधीच मिळाला नाही. सुरुवातीला मनात एखादी कळ यायची, मग ती यायची बंद झाली.

निवृत्तीने खेळ सोडला तेव्हा बापूंनी त्याला सांगितलं की स्टुडिओत जाऊन फोटो काढून आण, भिंतीवर लावायचाय. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो एक फ्रेम कागदात गुंडाळून घेऊन आला, सोबत हातोडी आणि खिळाही. स्टूल ओढलं आणि कुणाला न विचारता बाबांच्या उजव्या हाताला, माझ्या पेन्सिलीच्या खुणांच्या बरोबर मधे खिळा ठोकला.

फोटो स्टुडिओतला नव्हता. रणझुंजारच्या त्या मॅचमध्ये पेपरच्या फोटोग्राफरने काढलेला होता. निवृत्तीने त्याची प्रत मागून घेतली होती आणि नऊ वर्षं जपून ठेवली होती. त्यात तो डाव्या बाजूला आहे, नुकताच पास देऊन थांबलेला, थोडा वाकलेला. मधे मी आहे.

“निवृत्ती, सेंटर हाफचा एकट्याचा लावायचा असतोय,” बापू म्हणाले. “ह्यात इंद्या आलाय.”

“ह्योच,” निवृत्ती म्हणाला आणि स्टुलावरून उतरला.

आता मी तालमीचा सेक्रेटरी आहे. डोळे शाबूत आहेत, तरी टीम निवडायला मैदानाकडे पाठ करून बसतो. नवी पोरं तालमीत येतात, फोटो बघतात आणि हसतात. भिंतीवरची बाकीची माणसं ओठ मिटून ताठ बसली आहेत आणि मधेच एकाचा जबडा कानापर्यंत फाटलाय. परवा एका पोराने विचारलं, “काका, ह्यात तुमी शिव्या घालताय काय?”

“न्हाई,” मी म्हणालो. “बाळूला हाक मारतोय.”

मग मी रोजच्यासारखा दिवा लावला आणि शेजारच्या फोटोतल्या बाबांना नमस्कार केला. ते तसेच ओठ घट्ट मिटून बसले होते. म्हटलं, राहू दे बाबा, पोवारांच्या घरातला एक तरी फोटो खरा लागलाय.